पायरीवरचा तांब्या

२३ जानेवारी १९८४, सोमवार

महिला कुक्कुटपालन मंडळाला आज तीन महिने झाले. अठरा बायका, प्रत्येकीकडे वीस पांढऱ्या इंग्लिश कोंबड्या, आणि एकही कोंबडी अजून कोल्ह्याने नेलेली नाही. दसऱ्यानंतर शाळेच्या पटांगणात मी दीड तास बोललो नसतो तर या बायका आजही मुंबईच्या मनिऑर्डरीची वाट बघत पडवीत बसल्या असत्या. हे मी दुसरीकडे बोलत नाही. वहीत लिहायला हरकत नाही.

माझा नियम ठरलेला आहे. दर सोमवारी अठराही खुराडी फिरायची. वरच्या वाडीत धाकूच्या मालनपासून सुरुवात, पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरत उतरत खाडीकाठच्या मोहल्ल्यात हफीजाबीकडे शेवट. प्रत्येक कोंबडी हातात घेऊन बघायची. अध्यक्षाने खुर्चीवरून काम केलं की संस्था खुर्चीपुरती उरते.

एकच घर मला आत घेत नाही. हफीजाबीच्या दगडी गडग्याला बेडं आहे, बांबूचं फाटक, बेड्याच्या आत पायरी, पायरीवर किंचित लालसर पाण्याचा तांब्या. "गुरुजी, पाय धुवून या," म्हणते. दर वेळी. मी दर वेळी बाहेरूनच कोंबड्या मोजतो आणि परत फिरतो.

मी सतरा वर्षांचा असताना वडिलांबरोबर खोताच्या खळ्यावर खंडाचं भात घालायला गेलो होतो. भात आमचं, घाम आमचा, डोक्यावरचं ओझं आमचं. खोताच्या माणसाने वडिलांना तीन वेळा पाय धुवायला लावले. तिसऱ्या वेळी वडील हसले. ते हसणं मी चाळीस वर्षं विसरलेलो नाही. त्या दिवशी ठरवलं, कुणाच्याही दारात पाय धुवून आत जायचं नाही. ज्या दाराला माझे पाय चालत नाहीत ते दार मला चालत नाही. पुढे यावर मी संगमेश्वरपासून दापोलीपर्यंत भाषणं केली.

हफीजाबीने मला वाईट हेतूने म्हटलं असेल असं नाही. तिचा नवरा सुलेमान आखातात आहे, तीन वर्षांत आलेला नाही. दीर तिला केळशीला आपल्या घरी बोलावतोय. कोंबड्या चालल्या तर ती इथे राहणार, आणि मुलगी खुर्शीद इथेच दहावी करणार. नाहीतर दोघी केळशीला. खुर्शीद माझ्या हाताखालून गेलेली, गणितात पहिली. म्हणून मी तिकडे काणाडोळा करतो. पण लक्षात ठेवतो.

१३ फेब्रुवारी, सोमवार

मालनकडे कोंबड्या शिंकतायत. "माणसासारख्या शिंकतायत वो गुरुजी. आनी अंडी कमी केलानी." मी चार-पाच उचलून बघितल्या. नाकाला पाणी, डोळे किंचित सुजलेले, बाकी ठीक. तिच्या घराखालच्या मळ्यात हिवाळ्यातली रानबदकं अजून उतरलेली आहेत. कोंबड्या त्यांच्यात मिसळून चरतात. छान दिसतं. पांढरं आणि करडं, परदेशी आणि गावठी, कुणाला कुणाचं वावडं नाही. पुढल्या भाषणात घेता येईल.

पुढे जनीकडे, चिमाकडे, गंगारामच्या घरी गेलो. त्यांच्या कोंबड्या ठणठणीत.

२० फेब्रुवारी, सोमवार

आता जनीकडे, चिमाकडे आणि गंगारामकडेही शिंका. सर्दीच आहे. कोंबड्या पटापट मारते त्या मानमोडीची लस सगळ्यांना टोचलेली, तेव्हा मानमोडीची भीती नाही. बायका खाद्यात हळद आणि कांदा घालतायत. घालू द्या.

५ मार्च, सोमवार

सर्दी आली तशी गेली. एकही कोंबडी मेली नाही. अंडीही परत सुरू. सतराही घरांत फिरली, फक्त हफीजाबीकडे शिंकसुद्धा नाही. विचारलं तर म्हणाली, "माझ्या आत कोण येतच नाही ना."

उत्तर सरळ आहे. पण मला जरा जास्तच सरळ वाटलं. ती अंडीसुद्धा मंडळाच्या ट्रेमधून पाठवत नाही. स्वतःच्या टोपलीतून आणून मोजून देते आणि रिकामा ट्रे कधी घरी नेत नाही. सतरा बायकांना जे चालतं ते एकीला का चालू नये?

२५ मार्च, रविवार

आजचं प्रदर्शन यशस्वी. शिमग्याला आलेले मुंबईकर अजून गावात आहेत, त्यांच्यासमोर सतरा घरच्या कोंबड्या टोपल्यांतून, डालग्यांतून शाळेच्या व्हरांड्यात आणून ठेवल्या. तीनशे चाळीस कोंबड्या एका जागी. मिरजोळ्याच्या कारखान्यातले कामगारही बघायला आले होते.

मी उत्क्रांतीवर बोललो. जंगलातल्या लाल कोंबड्यापासून या पांढऱ्या कोंबडीपर्यंतचा प्रवास. निसर्ग घाईत नसतो, एका बदलाला लाख लाख वर्षं लागतात, मग माणसाने एका पिढीत बदलायला का घाबरावं? शेवटच्या वाक्याला टाळ्या पडल्या. बायकांनी वाजवल्या नाहीत, त्यांचे हात कोंबड्यांत अडकलेले होते.

हफीजाबीने कोंबड्या आणल्या नाहीत. काल तिला बेड्याबाहेरून निक्षून सांगितलं होतं. म्हणाली, "गर्दीत नको गुरुजी. यांनी पत्रात लिहिलंय, गर्दीत न्यायच्या नाहीत." आमच्या मंडळाचे निर्णय आता आखातातून येणार की काय?

२९ मार्च, गुरुवार

जनीच्या सहा कोंबड्या सकाळी मेलेल्या. तुरे निळेकाळे, तोंड सुजलेलं, पायांवर कातडीखाली तांबडे डाग. काल तिन्हीसांजेला चांगल्या होत्या म्हणते. एकीने मरायच्या आधी कवचाशिवायचं अंडं टाकलं. दुपारपर्यंत वीसच्या वीस गेल्या.

जनी रडली नाही. खुराड्याचं दार उघडंच ठेवून बसली. मी विचारलं तर म्हणाली, "आता बंद कशापायी करू?"

३० मार्च, शुक्रवार

मेलेली एक कोंबडी कापडी पिशवीत घालून घरोघर दाखवून आलो. चिमाकडे गेलो, गंगारामकडे गेलो, विठूच्या आईकडे गेलो. पुरावा डोळ्यांनी बघितला की माणूस सावध होतो. कुणी खुराड्यात काही टाकताना दिसतंय का ते बघा, असं सगळ्यांना सांगितलं. त्यांच्या कोंबड्याही हातात घेऊन तपासल्या. एकही आजारी नव्हती.

सर्दीने कोंबडी मरत नाही. ती सर्दी आम्ही बघितलीय, आली आणि गेली. एका रात्रीत वीस कोंबड्या मरतात त्या इखाने, घातलेल्या विषाने.

३ एप्रिल, मंगळवार

चिमाच्या गेल्या. गंगारामच्या गेल्या. विठूच्या आईच्या गेल्या. काल पाडवा होता, गुढीच्या काठीखालून मेलेल्या कोंबड्या बाहेर काढल्या.

इख कुणाकडून? मंडळाला खाद्य काशीराम पुरवतो. गेल्या पंचायतीच्या निवडणुकीत मी त्याच्याविरुद्ध अकरा सभा घेतल्या होत्या. बाराव्या सभेची गरज पडली नाही. तो ते विसरला असेल असं मानायला मी भोळा नाही.

४ एप्रिल, बुधवार

काशीरामच्या दुकानात गेलो. गोणी उघडायला लावल्या, मूठ मूठ बाहेर काढून हुंगली. मग त्याच्या मागीलदारी जाऊन त्याच्या बायकोची खुराडीही बघितली, तीही मंडळाची सभासद. तिच्या कोंबड्या धडधाकट. मी त्यावर बोट ठेवलं.

काशीराम शांतपणे तंबाखू मळत होता. "गुरुजी, मी इख घालीन तर पयल्यांदा तुमच्या भाषणात घालीन. कोंबड्यांनी माजा काय वाकडा केलानी?"

लोक हसले. लोकांना हसवणं हा जुना डाव आहे. मीही वापरतो.

६ एप्रिल, शुक्रवार

आमच्या घरच्या तीन गावठी कोंबड्या गेल्या. मंडळाच्या नव्हेत, गोदाने लग्नापासूनच्या पैदाशीतून जपलेल्या. म्हणजे वैर माझ्याशी आहे हे आता स्पष्ट झालं.

गोदा म्हणते, "तुमी बाहेरनं आलात की चपला खुराड्याशीच काढता." गोदाला चपलांचं वेड आहे. घर जळत असलं तरी ती चपला सरळ लावून मग ओरडेल.

७ एप्रिल, शनिवार

काशीरामच्या बायकोच्या वीसही कोंबड्या मेल्या.

हे गणित जुळत नाही. माणूस स्वतःच्या बायकोच्या खुराड्यात इख घालणार नाही. काशीरामची बायको तर मुळीच घालू देणार नाही.

९ एप्रिल, सोमवार

तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर महिपतराव आले. देशावरचे, तरुण, बोलताना समोरच्याकडे न बघता कोंबडीकडे बघतात. दहा दिवसांपूर्वीच नमुने पुण्याला पाठवायला हवे होते म्हणाले, आता पाठवतो.

मी इखाची शंका सांगितली. ते म्हणाले, "इख असं घराघरानं, चार-चार दिवसांनी चालत न्हाई गुरुजी. चालतो तो रोग." त्यांच्या एका मासिकाचं कात्रण दाखवलं. अमेरिकेत गेल्या वर्षी एप्रिलमध्ये कोंबड्यांना साधी सर्दी झाली, फार मेल्या नाहीत. ऑक्टोबरात त्याच सर्दीच्या विषाणूने खुराडीच्या खुराडी साफ केली. कोटीहून जास्त कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. विषाणू तोच, मधल्या सहा महिन्यांत बदललेला. आपल्याकडे हेच आहे असं मी म्हणत नाही, पण हे असं होतं एवढं सांगतो, म्हणाले.

मी म्हटलं, डॉक्टर, उत्क्रांतीवर मी वीस वर्षं व्याख्यानं देतोय. बदलाला लाखो वर्षं लागतात.

"हत्तीला लागतात, गुरुजी. ह्याची पिढी काही तासांत होती."

मग त्यांनी विचारलं, परीक्षेत पोरं एकमेकांचं बघून लिहितात ते तुम्ही कसं पकडता? मी म्हटलं, बरोबर उत्तरावरून पकडता येत नाही. दोघांची एकच चूक असली की पकडतो. ते म्हणाले, विषाणू स्वतःच्या नकला काढतो, लाखांनी. नकलताना चुकतो. बहुतेक चुकांनी तोच संपतो. एखादी चूक मात्र त्याच्या फायद्याची निघते, आणि गर्दीत कोंबडीला कोंबडी चिकटून असली की ती चुकलेली नक्कल भराभर पुढे जाते.

"म्हणजे दोष माझ्या प्रदर्शनाचा?"

त्यांनी कात्रण घडी करून खिशात ठेवलं. हात धुतले, बूट धुतले, आणि जीपमध्ये बसले. सरकारी माणसाची ही जुनी पद्धत, जबाबदारी अशा जंतूवर ढकलायची जो कोर्टात उभा राहू शकत नाही.

१२ एप्रिल, गुरुवार

फेरी रोज चालू ठेवली आहे. लवूच्या घरी सोमवारी गेलो होतो, मालनकडे रविवारी. आज दोन्हीकडे संपलं.

१३ एप्रिल, शुक्रवार

आज वहीत घरवार, तारीखवार यादी केली. अठरापैकी सतरा घरं रिकामी. उरलेलं घर एक.

मी हे कुणाच्या धर्मावरून लिहीत नाही. असं मनात आणणाऱ्यांना मी जन्मभर व्यासपीठावरून झोडलं आहे. पण सतरा घरं बुडतात आणि अठरावं कोरडं राहतं तेव्हा प्रश्न विचारायचा नाही, हीसुद्धा एक अंधश्रद्धाच.

म्हणून संध्याकाळी गेलो. ती पायरीवर, मी बेड्याबाहेर. मधे तांब्या. तिच्या मागे वीसही कोंबड्या माती उकरत होत्या.

"हफीजाबी, सगळ्या गावात तुमच्याच कोंबड्या जिवंत आहेत. हे कसं?"

"अल्लाची मेहेर. नि थोडं पाणी."

"कसलं पाणी?"

तिने तांब्याकडे बोट केलं. "सहा महिने तुम्ही ह्याच्या पलीकडनं बोलताय. एकदा पायावर घ्या, आत या, एकेक कोंबडी हातात घेऊन बघा. मी कधी नको म्हटलं?"

"माझे पाय तुम्हाला घाण वाटतात?"

"माझेपण धुते, गुरुजी. खुर्शीदचेपण. सगळेच धुतात."

खोताचा माणूस हेच म्हणाला होता. सगळेच धुतात. खोताला धुताना मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

आत खुर्शीद भूमितीची प्रमेयं मोठ्याने पाठ करत होती. मी तिची चूक बाहेरूनच सांगितली आणि आलो.

१६ एप्रिल, सोमवार

मंडळाची सभा. पाऊण तास बोललो. हफीजाबीचं नाव घेतलं नाही, घ्यावं लागलं नाही. एवढंच विचारलं की कुलूपबंद खुराड्यात असं काय आहे जे मंडळाच्या अध्यक्षाच्या डोळ्यांना चालत नाही? पत्रं कुठून येतात आणि त्यात काय लिहिलेलं असतं? सभा पेटली. याआधी मी बोलताना बायका असं कधी ऐकत नव्हत्या. ठराव झाला, पाच पंचांनी जाऊन तपासणी करावी, आणि खुलासा होईपर्यंत तिचं सभासदत्व स्थगित.

हफीजाबी मागे उभी होती. एवढंच म्हणाली, "या. पण पाय धुवून या."

कुणीतरी हसलं.

घरी गोदाने विचारलं, "ती पानी का ठेवते ते तिला ईचारलंत?"

मी म्हटलं, ते मला माहीत आहे.

१८ एप्रिल, बुधवार

तपासणी झाली. मी, काशीराम, धाकू, केरू आणि गंगाराम. बेड्याशी गेलो. काशीरामने सवयीने वहाणा काढल्या आणि पाय धुतले. धाकूने धुतले, केरूने धुतले, गंगारामने तर तोंडावरही मारलं, ऊन होतं म्हणून. जन्मभराची गुलामी पायांतून अशी सहज जात नाही.

मी तांब्या उचलून बाजूला ठेवला आणि तसाच आत गेलो. हफीजाबी मधे आली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली आणि ओढणी तोंडावर धरली.

एकेक कोंबडी हातात घेतली. चोच उघडून, पंख पसरून, वीसच्या वीस. रोगाचं चिन्ह नाही. खुराड्याच्या दाराशी चुन्याची पट्टी, एक वेगळी जुनी सपाता-जोडी, वेगळी बादली. आणि फळीवर मला हवं होतं ते सापडलं. काळपट जांभळ्या खड्यांची बाटली. एक खडा बादलीत टाकून बघितला, पाणी झपकन रंगलं. तांब्यातलं पाणी कायम किंचित लालसर का असतं, ते आज कळलं.

बाटली कापडी पिशवीत घातली, त्याच पिशवीत जिच्यातून जनीची कोंबडी फिरवली होती. पुरावे एकाच जागी असलेले बरे.

१९ एप्रिल, गुरुवार

बाटली घेऊन रत्नागिरीला डॉक्टरांकडे गेलो. टेबलावर ठेवली. त्यांनी बूचही उघडलं नाही.

"ही मीच दिली त्यांना. पोटॅशियम. विहिरीत टाकतात तेच. पाय धुवायला."

सुलेमान आखातात कुठल्याशा मोठ्या कोंबड्यांच्या फार्मवर आहे. तिथे दारात औषधाच्या पाण्याचं कुंड असतं, साहेब असो की हमाल, पाय बुडवल्याशिवाय आत सोडत नाहीत. ते त्याने बायकोला लिहिलं. तिने दवाखान्यात येऊन औषध मागितलं. डॉक्टर म्हणाले, अख्ख्या तालुक्यातून हे मागायला आलेली ती एकच बाई.

म्हणजे डॉक्टरही तिच्या बाजूचे. मला आधीच संशय यायला हवा होता. मी ही वही त्यांच्या टेबलावर आपटली. म्हटलं, यात सगळं तारीखवार आहे, कोण कधी बुडालं, मी कधी कुठे गेलो, काय पाहिलं. वाचा, आणि मग सांगा कोण खोटं बोलतंय. (हे आणि पुढचं शाळेच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहून नंतर वहीत डकवलं आहे.)

निघताना त्यांनी विचारलं, "काल आत जाताना पाय धुतले होते का?"

मी पिशवी उचलली आणि एसटी गाठली.

२२ एप्रिल, रविवार

हफीजाबीच्या कोंबड्या मरायला लागल्या.

वाडीत म्हणतात, देवीने न्याय केला. मला देवी मान्य नाही. तपासणीच्या रागाने तिनेच काही केलं असेल का, असाही विचार आला. मग तो माझा मलाच पटला नाही. आपल्या मुलीची दहावी कोण मारील?

२३ एप्रिल, सोमवार

वीसही गेल्या. आज फेरीला जायला एकही खुराडं उरलं नाही. दिवस कसा काढायचा कळेना.

२६ एप्रिल, गुरुवार

दवाखान्याचा शिपाई वही देऊन गेला. सोबत पुण्याच्या उत्तराची नक्कल: मानमोडी नाही, याहून अधिक निश्चित सांगता येत नाही. चिठ्ठी वगैरे नाही.

वहीत पेन्सिलीच्या खुणा आहेत. जिथे जिथे मी "गेलो" असं लिहिलंय तिथे खाली रेघ. जिथे "मेल्या", "गेल्या" आहे तिथे फुली. रेघेपासून फुलीपर्यंत समासात आकडा. प्रदर्शन ते जनी, चार. चिमा, गंगाराम, विठूची आई, चार. काशीराम, तीन. लवू, मालन, तीन, चार. १८ तारखेखाली रेघ आहे, आकडा लिहिलेला नाही. तो मी लिहिला. चार.

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. अठरा पेपर समोर असावेत आणि अठरांत एकच चूक सापडावी, तर मास्तर काय म्हणतो?

मी अजून मान्य करत नाही. जंतू मी पाहिलेला नाही, डॉक्टरांनीही नाही. रानबदकं आहेत, खाद्याच्या गोणी आहेत, मुंबईचे पाहुणे आहेत. बचाव करायला मला अर्धा तास पुरेल. गोदासमोर करून बघितला. तिने ऐकून घेतला, माझ्या चपला उचलल्या आणि चुलीतली राख लावून घासायला बसली.

२९ एप्रिल, रविवार

सभा बोलावली होती. भाषण लिहून नेलं होतं, ते खिशातच ठेवलं. वही उघडली आणि फक्त तारखा वाचल्या. अमुक दिवशी अमक्याच्या खुराड्यात गेलो. अमुक दिवशी तिथल्या मेल्या. सगळ्या घरांचं वाचायला सात मिनिटं लागली. इतकं लहान मी कधीच बोललो नव्हतो.

मी वही मिटली. मग मालन म्हणाली, "म्हंजे गुरुजी, तुमीच घेऊन आलात व्हय? आमी तर तुमी येनार म्हनून दार उघडा ठेवायचो."

काशीराम शेवटच्या बाकावर होता. मला वाटलं आता तो हसवील. त्याने तंबाखूची डबी उघडली, बंद केली, आणि बाहेर गेला.

ठराव मागे घेतला. हफीजाबीचं सभासदत्व पुन्हा दिलं. ती आलेली नव्हती.

३० एप्रिल, सोमवार

सोमवार म्हणून पाखाडी उतरून मोहल्ल्यात गेलो.

बेडं उघडं होतं. पडवीत दोरीने आवळलेली ट्रंक, वर वळकटी, खुर्शीदच्या पुस्तकांचं बोचकं. सकाळची एसटी, केळशीची. मी बाहेरूनच सांगितलं की ठराव मागे घेतलाय, पावसाळ्यानंतर सरकारी पिल्लं पुन्हा मिळतील, पहिली वीस तुमची, खुर्शीदची दहावीची पुस्तकं मी बघतो. ती ऐकत होती, पण दोरीची गाठ पक्की करत होती.

पायरीवर तांब्या पालथा होता. मी तो उचलला, विहिरीवर गेलो, भरून आणला. वहाणा बेड्याबाहेर काढल्या आणि पाय धुतले, आधी उजवा, मग डावा, बोटांच्या बेचक्यांतून, टाचेच्या भेगांतून. वडिलांनी तिसऱ्या वेळी धुतले होते तसे.

हफीजाबीने मान वर केली.

"आता कशाला धुताय गुरुजी? आता आत काय नाय."

या, असं ती म्हणाली नाही. पाय वाळेपर्यंत मी पायरीवर उभा राहिलो, मग तांब्या सरळ ठेवून परत आलो.